परसातली आकाशवाणी

देवकीची वरात निघाली असता कंसाने ऐकली ती आकाशवाणी. बोलणारा दिसला नाही, तो कोठून बोलतो हे कळले नाही. पण रथाचे लगाम हाती धरलेल्या त्या राजाची झोप मात्र कायमची उडाली. आपल्या देशातील सरकारी रेडिओने पुढे हाच शब्द नाव म्हणून उचलला, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु सरकारच्या कितीतरी आधी तो एका घरगुती रेडिओ केंद्राला मिळाला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हैसूरचे मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरात ३० वॅट शक्तीचा एक छोटा प्रक्षेपक मांडला आणि त्या केंद्राचे नाव ठेवले ‘आकाशवाणी’. तीस वॅट म्हणजे किती? पूर्वी आपल्या माजघरात जो साठाचा पिवळा दिवा जळे, त्याच्या निम्मे. एवढ्याशा शक्तीच्या घरगुती खटाटोपातून एका अफाट देशाच्या रेडिओला आपले नाव मिळाले!

मोठ्या केंद्रांचे इतिहास लिहिले जातात. त्यांना इमारती असतात, दप्तरे असतात, रौप्यमहोत्सव असतात. पण घराच्या माडीवर, परसातल्या खोपटात किंवा मालमोटारीच्या पाठीवर बसून ज्यांनी हाताने जोडलेल्या यंत्रातून आवाज काढला, त्यांची दप्तरे बहुधा पोलिसांनीच ठेवली. त्यांच्यापैकी काहींची हकीकत दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवावी असे मनात आहे. ती मुंबईच्या गिरगावात घडते, आंबोलीच्या रानात घडते आणि तिचा धागा आमच्या अलोऱ्याच्या दरीपर्यंत येऊन पोचतो. यंत्रे किती लहान होती याचे कौतुक आहेच. पण ती जोडण्याची विद्या किती जणांच्या हाती होती, यावरच या साऱ्या हकीकतींचे बरेवाईट ठरत गेले, असे मला दिसते.

१

हौशी बिनतारीवाला, ज्याला जगभर ‘हॅम’ म्हणतात, तो रेडिओ केंद्रांपेक्षा वयाने वडील आहे. विद्येचा आरंभ तर आपल्याच देशात फार लवकर झाला होता. १८९५ साली जगदीशचंद्र बसूंनी कलकत्त्यात बिनतारी लहरी सोडून दूर ठेवलेली घंटा वाजवून दाखविली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखविली. त्यांच्याजवळ परदेशी कारखान्याची उपकरणे नव्हती. पत्र्याचे काम करणाऱ्या एका स्थानिक कारागिराला शिकवून, हाताशी धरून त्यांनी ती घडविली. पुढे १९०१ च्या डिसेंबरात मार्कोनीने अटलांटिक महासागर ओलांडून मोर्सच्या लिपीतील तीन ठिपके पोचविले, आणि जगातील हुन्नरी पोरे आपापल्या घरी तारेची वेटोळी गुंडाळीत बसली.

या पोरांचा सरकारी आणि व्यापारी तारायंत्रांना उपद्रव होऊ लागला. तेव्हा अमेरिकेने १९१२ साली कायदा केला आणि हौशी मंडळींना दोनशे मीटरहून आखूड लहरींमध्ये हाकलून दिले. लांब जायचे तर लहरही लांबच हवी, आखूड लहरी कुचकामाच्या, अशी त्या काळच्या जाणत्यांची समजूत होती. भाऊबंदकीच्या वाटणीत धाकट्याच्या पदरात गावाबाहेरचा कातळ टाकावा, तसाच हा प्रकार. परंतु कोकणातल्या माणसाला कातळाचे महत्त्व सांगायला नको. सुरुंग लावून खड्डे केले, माती भरली, की त्याच कातळावर हापूस उभा राहतो. या धाकट्यांनीही तेच केले. १९२३ च्या नोव्हेंबरात फ्रान्समधील नीस गावच्या लेआँ देलॉयने अमेरिकेतील फ्रेड श्नेलशी सुमारे शंभर मीटरच्या लहरीवर समुद्रापलीकडून परस्पर संभाषण केले. हौशींनी दोन्ही बाजूंनी अटलांटिक ओलांडल्याचा तो पहिला प्रसंग. टाकाऊ म्हणून दिलेली जमीन सोन्याची निघाली.

याचे कारण मागाहून शास्त्रज्ञांनी नीट उलगडले. जमिनीपासून सुमारे शंभर ते तीन-चारशे किलोमीटर उंचीवर सूर्याच्या किरणांनी विद्युद्भारित झालेले हवेचे थर असतात. आखूड लहरी त्यांवर आदळून, आरशावरून कवडसा परतावा तशा, पुन्हा जमिनीकडे वळतात. त्यामुळे थोड्या शक्तीचा आवाजही डोंगर, समुद्र, सरहद्दी ओलांडून जातो. मोठ्या मनोऱ्याचे काम आकाश फुकट करते. गरीबाला एवढी मोठी सवलत निसर्गाने क्वचितच कोठे दिली असेल.

आपल्याकडे १९२१ साली अमरेंद्रचंद्र गुप्त यांनी बंगालमध्ये हौशी केंद्र मांडले. मुकुल बोस हे त्यांच्या पाठोपाठ आले. १९२३ साली मुंबईत रेडिओ क्लब निघाला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले; म्हणजे हौशी मंडळी रीतसर केंद्राच्या आधीची. १९२९ पासून हिंदुस्थानातील हौशींच्या संकेतनामांचा आरंभ ‘व्हीयू’ या अक्षरांनी होऊ लागला, तो आजही तसाच होतो. त्या काळचा हौशी माणूस म्हणजे अर्धा सुतार, अर्धा लोहार आणि उरलेला गणिती. पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळायची, पत्र्याच्या पट्ट्या एकमेकींत सरकवून कंडेन्सर करायचा, व्हॉल्व्ह तेवढा विकत आणायचा, आणि रात्री घर निजले की कानाला फोन लावून बसायचे. तयार यंत्र विकत घेणे परवडत नसे, आणि परवडले तरी त्यात मौज नसे.

१९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले. नवे परवाने बंद झाले, आणि असलेल्या परवानेदारांना आपापले प्रक्षेपक पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे लेखी हुकूम निघाले. यंत्रे गेली. पण ते जोडणाऱ्याच्या डोक्यातला आराखडा जप्त करण्याची सोय कोणत्याच कायद्यात नव्हती.

२

अशा हौशींपैकी एक म्हणजे मुंबईचे नरिमन अबरबाद प्रिंटर. व्हीयू २ एफयू हे त्यांचे संकेतनाम. परवाने बंद झाल्यावरही त्यांनी एक प्रक्षेपक जोडला आणि ‘आझाद हिंद रेडिओ’ या नावाने सेन्सॉरची कात्री न लागलेल्या बातम्या व गांधीजींच्या चळवळीची गीते ऐकविली. नेताजींच्या परदेशातील केंद्राचेही पुढे हेच नाव झाले, ते वेगळे. प्रिंटर यांचे हे केंद्र सरकारने लवकरच पकडले व सामान जप्त केले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण बेचाळीसच्या कथेत हाच माणूस पुन्हा येतो.

८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकच्या मैदानावर ‘चले जाव’चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत गांधीजींसह बहुतेक पुढारी तुरुंगात होते. वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधल्या गेल्या. कोठे काय चालले आहे हे कोणाला कळेना. अशा वेळी मुंबईतील काही तरुण मंडळींनी ठरविले की आपला रेडिओ काढायचा. उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या होत्या. मूळच्या सुरतेकडच्या, वडील सरकारी न्यायाधीश, स्वतः विद्यार्थिनी. त्यांच्याबरोबर विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी, विठ्ठलदास झवेरी ही मंडळी होती. भूमिगत पुढाऱ्यांपैकी डॉ. राममनोहर लोहिया यांनी या कामाला आपले बळ दिले. काँग्रेसच्या सभांना ध्वनिवर्धक पुरविणाऱ्या शिकागो रेडिओ या पेढीचे नानक मोटवाने यांचेही नाव पुढे खटल्यात गोवले गेले. आणि यंत्र जोडायला आले ते नरिमन प्रिंटर. मुंबईचेच दुसरे हौशी बॉब तन्ना यांचाही या कामाशी संबंध सांगितला जातो.

२७ ऑगस्ट १९४२ रोजी पहिले ध्वनिक्षेपण झाले. हे काँग्रेस रेडिओ असून ४२.३४ मीटरवरून, हिंदुस्थानातील कोठून तरी बोलत आहे, अशी घोषणा इंग्रजीतून झाली. कोठून, ते सांगितले नाही. खरोखर ते होते चौपाटीवरील एका इमारतीत, सरकारच्या नाकासमोर!

हा ४२.३४ चा आकडा पुष्कळ पुस्तकांत येतो, पण त्याचा अर्थ क्वचितच कोणी सांगतो. शाळेतल्या पोरांना मी हे गणित घालतो. बिनतारी लहर सेकंदाला सुमारे तीस कोटी मीटर जाते. त्या तीस कोटींना ४२.३४ ने भागले, की सेकंदाला सुमारे ७१ लक्ष आंदोलने येतात. त्या काळी हौशी मंडळींना नेमून दिलेली जी चाळीस मीटरची पट्टी, ती ७० लक्षांपासून ७३ लक्षांपर्यंतची. म्हणजे काँग्रेस रेडिओ बोलत होता तो हौशींच्याच आवारातून. हे सहज घडलेले नाही. ज्या वेटोळ्यांचे मापच हाताला ठाऊक, ज्या लहरीची रात्रीची चाल पाठ, तीच लहर हौशी माणूस निवडणार. देशाच्या स्वातंत्र्याचा आवाज आणि एका हौशीचा जुना नाद यांची गाठ या आकड्यात पडलेली दिसते.

त्याच आकड्यात एक अडचणही दडलेली आहे. लहरीच्या निम्म्या लांबीची एरियल बांधली की काम चोख होते; म्हणजे सुमारे सत्तर फूट तार. गिरगाव-वाळकेश्वराच्या दाट वस्तीत जागा भाड्याने घ्यायची, तीही वेगळ्याच नावाने. यंत्र माडीवर चढवायचे. ध्वनिमुद्रणाची जागा निराळी ठेवायची आणि क्षेपणाची निराळी. आणि गस्तीच्या मोटारी दिशाशोधक यंत्रे घेऊन फिरू लागल्या की आठ-पंधरा दिवसांत बिऱ्हाड मोडायचे. चौपाटीवरील सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरील लक्ष्मी भुवन, महालक्ष्मीचा पॅराडाइज बंगला, गिरगाव बॅक रोडवरील पारेखवाडी... तीन महिन्यांच्या आत या केंद्राने पुराणातल्या पांडवांप्रमाणे घरे बदलली. मोठ्या केंद्राला हे कधी साधले असते काय? लहानपण हीच त्याची ढाल होती. सुटे केले की प्रक्षेपक उरत नाही. उरतात ती काही वेटोळी, काही व्हॉल्व्ह आणि एक लाकडी पेटी.

प्रारंभी ‘हिंदोस्ताँ हमारा’, शेवटी ‘वंदे मातरम्’, आणि मध्ये हिंदीत व इंग्रजीत बातम्या व भाषणे, असा कार्यक्रम असे. बोलणाऱ्यांत लोहिया असत, नगरचे अच्युतराव पटवर्धन असत. चितगावावरील बाँबहल्ला, जमशेटपूरचा संप आणि आपल्या विदर्भातील आष्टी-चिमूरचे अत्याचार या बातम्या प्रथम आपल्या केंद्राने दिल्या, असे उषाताई पुढे अभिमानाने सांगत. चिमूरला काय घडले ते दडपून ठेवण्याचा सरकारने आटोकाट प्रयत्न चालविला होता. ते सारे एका माडीवरील पेटीने चव्हाट्यावर आणले. सरकारी ऑल इंडिया रेडिओला ही मंडळी ‘अँटी इंडिया रेडिओ’ म्हणत आणि त्याचे लोक या लहरीवर गोंगाट सोडून आवाज बुडवीत. गंमत अशी की पोलिसांचे लेखनिक रोज कान देऊन हे कार्यक्रम शब्दशः टिपून घेत होते. ती टिपणे खटल्यासाठी होती. आज तीच या केंद्राच्या इतिहासाचे मुख्य साधन झाली आहेत. शत्रूने ठेवलेली बखर म्हणतात ती ही.

३

१२ नोव्हेंबर १९४२. त्या वर्षीची दिवाळी नुकतीच सरली होती. पोलिसांनी बाबूभाई खाकरांच्या कचेरीवर छापा घातला. उषाताई तेथेच होत्या. त्या कशाबशा निसटल्या आणि सहकाऱ्यांना सावध करून आल्या. त्या संध्याकाळी केंद्र बंद ठेवणे शहाणपणाचे झाले असते. पण लोक वाट पाहात असतील, म्हणून चंद्रकांत झवेरींना बरोबर घेऊन त्या पारेखवाडीत गेल्या आणि ध्वनिक्षेपण सुरू केले. ‘वंदे मातरम्’ची तबकडी लागली आणि दारावर धक्के बसू लागले. एकामागून एक दरवाजे फोडून पोलीस आत शिरले. तबकडी थांबवा, असा हुकूम झाला. ती थांबविण्यात आली नाही, असे उषाताईंनी पुढे सांगितले आहे.

दिशाशोधक मोटारींना जे तीन महिन्यांत साधले नव्हते, ते एका दिवसात कसे साधले? उत्तर जितके सोपे तितकेच दुःखद आहे. नरिमन प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले होते आणि त्यांनी जागा दाखविली. पुढे ते माफीचे साक्षीदार झाले. खास न्यायालयात खटला चालला, आणि १९४३ साली निकाल लागला. बाबूभाईंना पाच वर्षे, उषाताईंना चार वर्षे, चंद्रकांत झवेरींना एक वर्ष अशा शिक्षा झाल्या; विठ्ठलदास झवेरी आणि मोटवाने सुटले. चौकशीच्या काळात उषाताईंना किती दिवस एकांतात ठेवले, परदेशी शिक्षणाची लालूच दाखविली. त्या बोलल्या नाहीत. येरवड्याहून त्या १९४६ साली सुटल्या. पुढे त्यांनी मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकविले, मणिभवनाचा कारभार पाहिला, १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, आणि ११ ऑगस्ट २००० रोजी त्या वारल्या.

प्रिंटर यांच्या नावापुढे ‘फितूर’ एवढा एक शब्द लिहून पुष्कळ जण पुढे जातात. मला त्या शब्दापाशी थांबावेसे वाटते. याच माणसाने एकदा स्वतःच्या हिकमतीवर केंद्र काढून तोटा सोसला होता. याच्याच हातांनी ते यंत्र उभे राहिले. पोलिसांच्या कोठडीत माणूस किती टिकेल हे बाहेर बसून सांगणे सोपे नाही. परंतु त्याच्या दुबळेपणापेक्षा मोठा दोष त्या रचनेतच होता. बोलणारे अनेक होते, पैसे उभे करणारे अनेक होते, जागा देणारे अनेक होते. यंत्र जाणणारा मात्र एक-दुसराच. ज्याच्यावाचून यंत्र चालत नाही त्याला सर्व जागा ठाऊक असणारच; आणि तो गेला की दुसरे यंत्र उभे करणारा कोणी मागे उरत नाही. पारेखवाडीतील पेटी जप्त झाली आणि उषाताईंचा काँग्रेस रेडिओ संपला. पाच-दहा पोरांना ती पेटी जोडता येत असती, तर इतिहासाचे हे पान कदाचित एवढ्यावर मिटले नसते.

४

तेरा वर्षांनी असाच एक आवाज आमच्या बाजूला, सह्याद्रीच्या रानातून उठला. देश स्वतंत्र झाला होता, पण गोवा पोर्तुगीजांकडे होता. तेथे सभेला बंदी, छापण्याला सेन्सॉर. १९५४ साली दादरा व नगरहवेलीचा मुलूख मुक्त झाला. आपले सुधीर फडके त्या लढ्यात होते, हे मराठी वाचक जाणतातच. त्या वेळी पोर्तुगीजांचे दोन बिनतारी संच हाती लागले. त्यांचे भाग वापरून एक प्रक्षेपक तयार करण्यात आला आणि तो मालमोटारीवर चढविण्यात आला. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या रानातून ‘गोंयच्या सोडवणेचो आवाज’ सुरू झाला. आंबोली आज सिंधुदुर्गात. पण तो जिल्हा १९८१ चा. तेव्हा ती आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातच होती.

वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे या आवाजाचे मुख्य धनी. आंबोलीचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्यालाच त्यांच्या दिनक्रमाची कल्पना येईल. ओल, जळवा, साप, आणि त्यात कोरडी राखावयाची यंत्रे! पुढे हे केंद्र कॅसलरॉकच्या जंगलात हलले. कोकणीतून आणि पोर्तुगीजमधून रोज बातम्या द्यायच्या, पोर्तुगीज सरकारचा अपप्रचार खोडायचा, जगात वसाहती कशा मोकळ्या होत आहेत ते सांगायचे, असे हे व्रत थोडीथोडकी नव्हे, सहा वर्षे चालले. गोव्यातली माणसे दारे लावून, आवाज बारीक करून ते ऐकत.

१९६१ चा डिसेंबर आला. १८ तारखेला भारतीय विमानांनी बांबोळीचे पोर्तुगीजांचे बिनतारी केंद्र उडविले आणि गोव्याचा लिस्बनशी असलेला दुवा तुटला. भिंती, मनोरे, पहारे असलेले मोठे केंद्र एका सकाळी गप्प झाले. रानातला फिरता आवाज मात्र चालूच होता. शरणागतीचे आवाहन त्याच्यावरून झाले. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाल्यावर सरदेसाई आणि लिबियाबाई यांनी विमानातून ध्वनिवर्धकावरून ती वार्ता गोव्यावर शिंपडली. आकाशवाणी या शब्दाचा याहून खरा प्रयोग कोणता? पुढे दोघांचा विवाह झाला. १९९२ मध्ये सरदेसाईंना, आणि २०२५ मध्ये वयाची शंभरी गाठलेल्या लिबियाबाईंना पद्मश्री मिळाली.

आंबोलीच्या आवाजाला सरहद्दीच्या अलीकडची भूमी होती, पाठीशी देश होता. मुंबईच्या आवाजाला यांपैकी काहीच नव्हते. तेव्हा दोहोंची बरोबरी करणे न्यायाचे नाही. तरीही एक गोष्ट मनात राहते. सहा वर्षे रानात यंत्र चालवायचे तर ते बिघडणार, ओलीने सडणार, पुनःपुन्हा दुरुस्त होणार. टिकला तो आवाज दुरुस्तीच्या विद्येवर टिकला.

५

आता अलोऱ्याकडे वळू. आमचे गाव चिपळूण तालुक्यात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी. समोर सह्याद्रीची भिंत उभी. त्या भिंतीपलीकडचे कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातून वीज देत इकडे उतरते आणि वाशिष्ठीला मिळते. महाराष्ट्राला उजेड पुरविणारा हा मुलूख. पण २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळूण बुडविले तेव्हा याच मुलखात वीज गेली आणि खिशाखिशांतले फोन मुके झाले. दहा कोसांवरचा भाऊ माडीवर चढला की वाहून गेला, हे कळायला मार्ग नव्हता. ज्या फोनवर आपण जग पाहतो त्याचा आवाज जवळच्या मनोऱ्यापर्यंतच जातो. मनोरा निजला की हातात उरते ती काचेची वडी.

अशा दरीत बेचाळीसची लहर अजून उपयोगी आहे. दोन माडांमध्ये पंधरा-वीस फुटांवर साठ-पासष्ट फूट तार आडवी बांधली, की तिची लहर सरळ वर जाते, आकाशातील थरावर आदळून पावसासारखी खाली येते आणि आसपासच्या शे-दोनशे मैलांवर सर्वत्र पडते. मध्ये डोंगर असला तरी तिला त्याचे काही नाही. ती त्याच्या डोक्यावरून उतरते. याला किती शक्ती लागते? हौशींमध्ये एक पंथ आहे, ‘क्यूआरपी’वाल्यांचा. तारायंत्राच्या सांकेतिक भाषेत त्याचा अर्थ शक्ती कमी करणे. पाच वॅटच्या वर जायचे नाही, असे त्यांचे व्रत. पाच वॅट म्हणजे देवघरातला रात्रीचा दिवा. मोटारसायकलच्या बॅटरीवर हे काम दिवसचे दिवस चालते.

याची कसोटी अनेकदा लागली आहे. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात, २००१ च्या कच्छच्या भूकंपात हौशी मंडळींनी निरोप पोचविले. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद या हॅम महिला आपल्या चमूसह हौसेच्या प्रयोगांसाठी अंदमानात गेल्या होत्या. त्सुनामी आली, बेटांचा मुख्य भूमीशी संबंध तुटला, आणि त्यांचे हौसेचे केंद्र त्या क्षणी हजारोंचा आधार बनले.

आणि विद्या? ती आता एका डोक्यात नाही, हीच मोठी आनंदाची गोष्ट. हैदराबादचे अश्हर फरहान या हौशी तंत्रज्ञाने काही वर्षांपूर्वी ‘बिटेक्स’ नावाचे, आवाज धाडणारे व घेणारे छोटे यंत्र योजिले. सहा वॅटच्या आसपास त्याची शक्ती. परदेशी कडी महाग आणि दुर्मीळ, म्हणून त्यांनी वेटोळी गुंडाळायला चक्क नळाचे वॉशर घेतले! सारा आराखडा त्यांनी कोणासही फुकट खुला केला, आणि जगभरच्या हौशींनी आपापल्या मेजावर ते यंत्र जोडले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील मुलामुलींनी तर एक किलोही न भरणारा ‘स्वयम्’ नावाचा उपग्रह स्वतः घडविला. २२ जून २०१६ रोजी तो श्रीहरिकोट्याहून आकाशात गेला. एका हौशीचा निरोप झेलावा, पोटात ठेवावा आणि दुसऱ्याला द्यावा, हे त्याचे काम. ते करणाऱ्यांमध्ये विद्यार्थ्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या होत्या; वरच्या वर्गातली मुले बाहेर पडली की खालच्या वर्गातली पुढे सरसावत. पारेखवाडीला जे नव्हते, ते हेच.

आज बाजारात तयार यंत्र मिळते, आणि ते चांगलेही असते. परंतु पुरात ते भिजले, तर उघडून पुसणारा कोण? आपल्या घरांतून स्क्रू-ड्रायव्हर नाहीसा होत चालला आहे. बिघडले की फेकावे आणि नवे आणावे, हे मुले आपल्याकडूनच शिकत आहेत. दिवाळीत घरी कंदील करणारे हात जसे कमी झाले, तसेच हे.

बारा वर्षे पुरी झालेले कोणतेही मूल सरकारी परीक्षा देऊन हौशी परवाना मिळवू शकते. विनापरवाना बोलणे गुन्हा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पण नुसते ऐकायला, तार गुंडाळायला, डाग द्यायला कोणाची आडकाठी नाही. कोकणातल्या प्रत्येक मोठ्या शाळेत एक परवानेदार शिक्षक, दोन माडांमध्ये एक तार आणि एक लहानसे यंत्र असावे. या खर्चाला कोणी भिणार नाही. एखाद्या स्नेहसंमेलनाच्या मांडवापेक्षा तो फारसा अधिक नाही. मात्र ते यंत्र उघडून जोडता येणारी मुले शाळेत एक नव्हे, पाच तरी असावीत. आणि ती दहावी होऊन जातील त्या वर्षी खालच्या वर्गातली पाच तयार असावीत.